शिक्क्यामागचा शिक्का

'आयएसओ सर्टिफिकेट फक्त दोन दिवसांत. ऑडिटची कटकट नाही. पेमेंट करताच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर.' उद्यम नोंदणी केलेल्या छोट्या उद्योजकाच्या मोबाइलवर असे मेसेज अधूनमधून येतच असतात. पाठवणाऱ्यांना आपला नंबर कुठून मिळतो हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मेसेजमध्ये बहुधा खोटंही काही नसतं. पैसे भरले की दोन दिवसांत सोनेरी किनारीचं, मधोमध पृथ्वीचा गोल छापलेलं प्रमाणपत्र खरोखरच येतं. त्या कागदाचा उपयोग काय, हा खरा प्रश्न आहे.

समजा, कोरेगावात कुणी कडधान्यं निवडून, प्रतवारी करून पॅक करण्याचा छोटा कारखाना टाकला आहे. गाव त्यासाठी चांगलं आहे. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचं, पुणे-मिरज लोहमार्गावर स्टेशन असलेलं, आणि तालुक्याच्या नावावर एक खास पीक असलेलं. अंगावर वाघासारखे पट्टे असलेला हा वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याचाच भाऊबंद. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कारखान्यात मालकासकट बारा माणसं आहेत. माल आजवर ओळखीच्या व्यापाऱ्यांना जात होता. आता एका मोठ्या साखळी दुकानाच्या खरेदी विभागाने विचारलं आहे, 'आयएसओ आहे का?'

मालक दोन ठिकाणी चौकशी करतो. पहिला म्हणतो, काही हजार रुपये आणि दोन दिवस. दुसरा त्याच्या कित्येक पट रक्कम सांगतो, वर म्हणतो की आमचा माणूस येऊन युनिट बघेल, कागद तपासेल, कामगारांशी बोलेल, त्रुटी काढेल, त्या तुम्ही दुरुस्त केल्यावर मग प्रमाणपत्र, आणि पुढे दर वर्षी पुन्हा येईल. दोन्ही कागदांवर शेवटी 'आयएसओ ९००१:२०१५' हेच लिहिलेलं असणार. मग पहिलंच का घेऊ नये?

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आयएसओ ही जिनीव्हातली संस्था कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. १९४७ पासून तिचं काम मानकं लिहिण्याचं. ९००१ हे त्यातलं सर्वांत खपाचं मानक. त्याचं मूळ ब्रिटनमध्ये. युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यांना शिस्त लावण्यासाठी जी पद्धत वाढत गेली, तिचं १९७९ मध्ये 'बीएस ५७५०' नावाचं ब्रिटिश मानक झालं आणि त्यावरूनच १९८७ मध्ये आयएसओ ९००० ची मालिका निघाली. मानक लिहून आयएसओ बाजूला होते. ते कोण पाळतं हे तपासून कागद देण्याचं काम जगभरातल्या हजारो खासगी आणि सरकारी प्रमाणन संस्था करतात. आयएसओचं बोधचिन्ह वापरण्याची परवानगी यांपैकी कुणालाही नाही. म्हणून ज्या प्रमाणपत्रावर ते चिन्ह ठळक छापलेलं आहे, त्याच्याबद्दल पहिली शंका तिथेच घ्यावी.

आता प्रमाणन संस्था काढायला काय लागतं? कायद्याने फारसं काही नाही. कंपनी नोंदवा, वेबसाइट करा, प्रमाणपत्राचा नमुना छापून घ्या. उद्या तुम्ही-आम्हीही ती काढू शकतो. मग तपासणाऱ्याला कोण तपासतो?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या बाजारपेठेत फार आधीपासून आहे. किराणा दुकानदाराची वजनं आणि काटा ठरावीक मुदतीने पासिंग करून घ्यावा लागतो. वैधमापन शास्त्र विभागाचा निरीक्षक तपासून त्यावर मोहोर उठवतो. पण निरीक्षकाकडचं वजन बरोबर कशावरून? ते त्याहून अचूक वजनाशी ताडलेलं असतं, ते वजन प्रादेशिक प्रयोगशाळेतल्या संदर्भ-वजनाशी, आणि ते शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी. तिथे प्लॅटिनम-इरिडियमचा भारताचा किलो आहे, क्रमांक ५७. २०१९ च्या मे महिन्यापासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून काढून प्लँकच्या स्थिरांकावर नेली, पण साखळी तीच राहिली. कोरेगावच्या बाजारात असो वा कुठल्याही बाजारात, गिऱ्हाईक अर्धा किलो घेवडा घेताना ही साखळी आठवत नाही. मोहोर पाहिली की त्याला पुरतं, कारण मोहरेच्या मागे आणखी एक मोहोर आहे, आणि तिच्यामागे आणखी एक.

प्रमाणपत्रांच्या जगात या साखळीला अ‍ॅक्रिडिटेशन म्हणतात. कारखान्याला तपासते प्रमाणन संस्था. तिने कसं तपासावं याचंही एक मानक आहे, आयएसओ/आयईसी १७०२१. ती ते पाळते का, हे आपल्याकडे पाहते एनएबीसीबी. भारत सरकार आणि असोचॅम, सीआयआय, फिक्की या उद्योगसंघटनांनी मिळून १९९६-९७ मध्ये उभ्या केलेल्या भारतीय गुणवत्ता परिषदेचं हे मंडळ. ब्रिटनमध्ये हेच काम यूकेएएस करते, अमेरिकेत एएनएबी, जर्मनीत डाक्स, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जॅस-अँझ. आणि या मंडळांना कोण पाहतं? ती एकमेकांना पाहतात. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आयएएफ या आंतरराष्ट्रीय मंचाच्या करारानुसार इतर देशांतले जाणकार येऊन मंडळाची तपासणी करतात, ती ठरावीक वर्षांनी पुन्हा होते, आणि मग एकाने मान्य केलेलं दुसऱ्याने मान्य करायचं. प्रयोगशाळांसाठी अशीच आयलॅक नावाची संघटना आहे. या दोघींचं एकत्रीकरण ठरलेलं आहे, तेव्हा प्रमाणपत्रावरच्या खुणा पुढे बदलतील. साखळी बदलणार नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे अशी व्यवस्था नव्हती तेव्हा पुण्या-मुंबईच्या कंपन्यांच्या प्रमाणपत्रांवर डच किंवा ब्रिटिश मंडळाची खूण असायची. आज एनएबीसीबीची खूण असलेलं प्रमाणपत्र त्याच रांगेत बसतं. परदेशी खूण म्हणजे वरचा दर्जा, ही समजूत मात्र अजून पुरती गेलेली नाही आणि कन्सल्टंट तिचे पैसे घेतात.

दोन दरांमधला फरक कुठून येतो, ते आता सोपं होतं. तो दिवसांमधून येतो. एका ऑडिटसाठी किती मनुष्यदिवस द्यायचे, हे अ‍ॅक्रिडिटेड संस्थेला मनाने ठरवता येत नाही. आयएएफने तक्ता दिलेला आहे. आयएसओ ९००१ साठी पाच माणसांपर्यंत दीड दिवस, अकरा ते पंधरा माणसांसाठी अडीच दिवस, सव्वीस ते पंचेचाळीससाठी चार. कामाची गुंतागुंत पाहून त्यात थोडं कमी-जास्त करता येतं, पण कारण लिहून. आपल्या बारा माणसांच्या युनिटला सुरुवातीला अडीच दिवस. त्याचेही दोन टप्पे: आधी कागदपत्रं आणि तयारी, नंतर प्रत्यक्ष काम. पहिली फेरतपासणी वर्षाच्या आत, सुरुवातीच्या वेळेच्या साधारण एक तृतीयांश वेळेची. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं, ती संपताना साधारण दोन तृतीयांश वेळेचं नवं ऑडिट. जाणत्या ऑडिटरचा दिवसाचा मेहनताना, प्रवास, मुक्काम आणि त्याच्या अहवालावर दुसऱ्या माणसाने बसून घ्यायचा निर्णय हे सगळं धरा. काही हजारांत ते बसत नाही. बसलं, तर कुणीतरी आलेलंच नाही. हे ताडायला ऑडिटर असावं लागत नाही, गुणाकार पुरतो.

दुसरी अट पैशांपेक्षा महत्त्वाची. ज्या संस्थेने तुम्हाला व्यवस्था बसवून दिली, तिनेच ती पास करायची नाही. अ‍ॅक्रिडिटेड प्रमाणन संस्थेला व्यवस्थापनपद्धतीची कन्सल्टन्सी करताच येत नाही. तिच्या संबंधातल्या कुणी ती केली असेल, तर किमान दोन वर्षं मधे जावी लागतात. उलट दोन दिवसांच्या पॅकेजमध्ये मॅन्युअल, ऑडिट, सर्टिफिकेट सगळं एकाच टेबलावर. शिकवणी घेणाऱ्याने पेपर काढला, तपासला आणि निकालही लावला. त्यांच्याकडची मॅन्युअल वाचायला गमतीची असतात. घेवड्याच्या युनिटच्या मॅन्युअलमध्ये 'वेल्डिंग विभाग' सापडतो, कारण मूळ फाइल दुसऱ्याच कुणाची.

महाराष्ट्राला हे नवं नाही. २०१५ च्या आसपास आपल्याकडे आयएसओची लाटच आली होती. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, ग्रामपंचायती, तलाठी कार्यालयं, पोलिस ठाणी. गावाच्या वेशीवर 'आयएसओ मानांकित' असा फलक लागला नाही तर सरपंचाला कमीपणा वाटावा असे दिवस. त्या लाटेला सरसकट हसण्याचं कारण नाही. फलकाच्या निमित्ताने लोकवर्गणी जमली, भिंती रंगल्या, स्वच्छतागृहं दुरुस्त झाली, दप्तरं लागली. पण प्रमाणपत्र कोणी दिलं, त्या संस्थेला मान्यता कुणाची, किती दिवस तपासलं, हे फलकावर नव्हतं आणि फारसं कुणी विचारलंही नाही. विचारायची तशी गरजही नव्हती, कारण शाळा कशी आहे हे गावाला रोज दिसतं. पालकाला कागद नको असतो. तो जाऊन बघतो.

मुंबईच्या डबेवाल्यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. त्यांना आयएसओ ९००१:२००० 'जॅस-अँझने दिलं' असं इतक्या ठिकाणी छापून आलं आहे की ते आता गृहीत धरलं जातं. जॅस-अँझ हे प्रमाणन संस्थांना मान्यता देणारं मंडळ. ते डबेवाल्यांना काय, कुठल्याच व्यवसायाला प्रमाणपत्र देत नाही. 'फोर्ब्जने सिक्स सिग्मा दिलं' हेही तसंच. फोर्ब्ज हे नियतकालिक आहे. यात डबेवाल्यांचा दोष शून्य, आणि त्यांच्या कामाला या बिरुदांची गरजही शून्य. एक वाजता डबा टेबलावर आला की नाही, हे गिऱ्हाईकाला पोटातूनच कळतं.

शाळा आणि डबेवाले यांच्यापासून आपलं कोरेगावचं युनिट वेगळं पडतं ते इथे. ज्याला येऊन बघता येत नाही, त्याच्यासाठी प्रमाणपत्र असतं. ओळखीचा व्यापारी पोत्यात हात घालून घेवडा बघतो. त्याला कागद दाखवलात तर तो हसेल. गुरुग्राममध्ये किंवा हॅम्बर्गमध्ये बसलेला खरेदी अधिकारी पोत्यात हात घालू शकत नाही. तुमच्या युनिटवर त्याने विश्वास ठेवायचा तो मधल्या माणसावरून, आणि मधल्या माणसाला तो ओळखत नाही म्हणून त्याच्या मागच्या मंडळावरून. साखळी तुटलेली असेल तर कागद त्याच्या उपयोगाचा नाही. म्हणून 'कोणतं प्रमाणपत्र घेऊ' याच्या आधी 'ते वाचणार कोण' हे विचारावं.

वाचणारा कोणीच नसेल, तर घेऊच नये. हे माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅक्रिडिटेशन नसलेल्या स्वस्त प्रमाणपत्रापेक्षा प्रमाणपत्र नसणं बरं. त्याच पैशांत ओलावा मोजायचं चांगलं यंत्र येईल, निवडपट्ट्यावर बरे दिवे लागतील, आणि नोंदवह्या ठेवायला एका मुलाला शिकवता येईल. आयएसओ ९००१ मधलं जे खरोखर कामाचं आहे, म्हणजे कुठल्या शेतकऱ्याचा माल कुठल्या बॅचमध्ये गेला हे सांगता येणं, तक्रार आली की कारण शोधून लिहून ठेवणं, नव्या माणसाला काम कसं करायचं हे आधी ठरवून ठेवणं, ते सगळं कुणाच्याही कागदाशिवाय करता येतं. मानक विकत घेऊन वाचलं की झालं. तसं स्वतः जाहीर करण्यालाही कुणाची आडकाठी नाही.

दुसरी बाजूही खरी आहे, ती झाकायला नको. आयएसओ स्वतःच सांगते की अ‍ॅक्रिडिटेशन सक्तीचं नाही, आणि ते नसलेली संस्था वाईटच असते असंही नाही. एखादं मानक इतकं नवं असतं की त्यासाठी मान्यतेची व्यवस्थाच तयार झालेली नसते. एखाद्या प्रामाणिक, अनुभवी ऑडिटरची छोटी संस्था मंडळाची फी आणि कागदपत्रं परवडत नाहीत म्हणून बाहेर राहते. अशा माणसाला बोलावून युनिट तपासून घेणं, त्रुटी समजून घेणं, हा चांगला खर्च आहे. फक्त त्याचा कागद भिंतीवर लावून बाजारात दाखवू नये. तो तुमच्यासाठी आहे, गिऱ्हाईकासाठी नाही.

काही धंद्यांत तर हा पर्यायच उरत नाही. साताऱ्यापासून सांगली-कोल्हापूरपर्यंतच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप पुण्याच्या गाडी कंपन्यांना सुटे भाग देतात. तिथे लागतं आयएटीएफ १६९४९, आणि त्याची साखळी वेगळी आहे: वाहन कंपन्यांनी मिळून नेमलेली कार्यालयं स्वतः प्रमाणन संस्थांवर देखरेख करतात. त्यांच्या यादीबाहेरचा कागद खरेदी विभाग उघडूनही बघत नाही. सेंद्रिय म्हणून परदेशी पाठवायची सांगलीची हळद किंवा कोरेगावचं आलं असेल, तर अपेडाच्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाखाली मान्यता मिळालेल्या संस्थेचंच प्रमाणपत्र लागतं. प्रयोगशाळेचा अहवाल हवा असेल तर एनएबीएलची मान्यता बघावी, आणि तीही त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का ते बघावं. कीटकनाशकांच्या अंशाची चाचणी आणि ओलाव्याची चाचणी यांची मान्यता वेगवेगळी असते.

एक गोष्ट सगळ्यांच्या आधीची. खाण्याच्या मालाला एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना कायद्याने लागतो. तो चौदा आकडी क्रमांक पाकिटावर हवाच. आयएसओ त्याच्या जागी चालत नाही. वाघ्या घेवड्याचं भौगोलिक मानांकनही वेगळं: ते तालुक्याच्या मालाचं आहे, कुणा एका युनिटचं नाही. पाकिटावर ते वापरायचं तर त्या कायद्याखाली अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून घ्यावं लागतं. मेसेज पाठवणारे हे तिन्ही एकाच पॅकेजमध्ये घालून विकतात आणि घेणारा गोंधळतो.

कागद हातात आल्यावर किंवा त्याहून बरं म्हणजे येण्याआधी, तो तपासायचा कसा? त्यावर दोन खुणा हव्यात, प्रमाणन संस्थेची आणि मान्यता देणाऱ्या मंडळाची. मंडळाचं नाव भारदस्त आहे एवढ्यावर जाऊ नका. प्रमाणन संस्था जशी कुणीही काढू शकतो, तसं 'मान्यता मंडळ'ही कुणीही काढू शकतो, आणि काढलेली आहेत. नावात 'इंटरनॅशनल' आणि 'अ‍ॅक्रिडिटेशन', पत्ता लंडनचा, आणि आयएएफच्या सभासद-यादीत पत्ता नाही. ती यादी सर्वांना खुली आहे. एनएबीसीबीने मान्यता दिलेल्या संस्था तिच्या संकेतस्थळावर दिसतात. आयएएफचं सर्टसर्च नावाचं शोधपान आहे, तिथे कंपनीचं नाव टाकून प्रमाणपत्र शोधता येतं. प्रत्येक खरं प्रमाणपत्र तिथे मिळेलच असं नाही, पण मिळालं तर प्रश्न मिटला.

सर्वांत जास्त फसगत मात्र यापुढच्या पायरीवर होते, आणि तिथे नामांकित संस्थांचीही नावं येऊ शकतात. मान्यता संस्थेला सरसकट मिळत नाही, मानकानुसार आणि क्षेत्रानुसार मिळते. एखाद्या संस्थेला ९००१ साठी मान्यता आहे, पण अन्नसुरक्षेच्या २२००० साठी नाही. ९००१ मध्येही यंत्रउद्योगासाठी आहे, अन्नप्रक्रियेसाठी नाही. तरीही ती तुम्हाला प्रमाणपत्र देऊ शकते, फक्त त्यावर मंडळाची खूण नसते. विक्री करणारा तरुण प्रामाणिकपणे सांगतो, 'साहेब, आमची संस्था अ‍ॅक्रिडिटेड आहे.' आहेच. तुमचं प्रमाणपत्र नाही. म्हणून कोटेशन घेतानाच लिहून मागावं: 'या मानकासाठी, आमच्या क्षेत्रासाठी, कोणत्या मंडळाच्या खुणेसह.' कागदावर व्याप्तीही वाचावी. 'कडधान्यांचा व्यापार' लिहिलेलं असेल आणि तुम्ही निवडून पॅक करत असाल, तर खरेदी अधिकारी नेमका तिथेच बोट ठेवेल. पत्ता कारखान्याचा हवा, दुकानाचा नाही.

इतकं करून मिळालेलं प्रमाणपत्रही काय सांगतं आणि काय नाही, हे ध्यानात असावं. ते व्यवस्थेबद्दल बोलतं, मालाबद्दल नाही. घेवड्यात खडा निघणारच नाही असं आयएसओ ९००१ म्हणत नाही. निघाला तर तो कुठून आला हे तुम्ही शोधाल आणि पुन्हा निघू नये म्हणून काही कराल, एवढंच म्हणतं. म्हणूनच पाकिटावर, मालाचाच दर्जा प्रमाणित आहे असं वाटेल अशा रीतीने प्रमाणनाचं चिन्ह छापायला मनाई आहे. ऑडिटर अडीच दिवसांत नमुन्यादाखल बघतो, सगळं बघत नाही. अ‍ॅक्रिडिटेड ऑडिटही ढिलं होऊ शकतं. फरक असा की ते ढिलं झालं तर तक्रार करायला वरचं दार आहे: आधी प्रमाणन संस्था, मग मंडळ. दोन दिवसांच्या पीडीएफमागे दार नाही, एक मोबाइल नंबर आहे.

पैशांची अडचण खरी असेल, तर केंद्राच्या सूक्ष्म-लघू-मध्यम उद्योग मंत्रालयाची, २०२२ मध्ये नव्या रूपात आलेली झेड योजना आहे, भारतीय गुणवत्ता परिषदेमार्फत राबवली जाणारी. ते आयएसओ नाही, स्वतंत्र प्रमाणन आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांचं. ब्राँझची फी दहा हजार, आणि सूक्ष्म उद्योगाला त्यावर ऐंशी टक्के अनुदान. बारा माणसांच्या युनिटला घडी बसवण्यासाठी सुरुवात म्हणून ते वाईट नाही. साखळी दुकान ते मान्य करेल की नाही, हे मात्र आधी त्यांनाच विचारावं.

'आधी स्वस्तातलं घेऊ, मोठी ऑर्डर आली की चांगल्या संस्थेकडे बदली करू' असा विचार पुष्कळ जण करतात. अशी बदली होत नाही. एका संस्थेकडून दुसरीकडे प्रमाणपत्र नेण्याचे आयएएफचे नियम आहेत, पण ते फक्त अ‍ॅक्रिडिटेड प्रमाणपत्रांना लागू होतात. बाकीच्यांना नव्या गिऱ्हाईकासारखं पहिल्यापासून यावं लागतं: पहिला टप्पा, दुसरा टप्पा, पूर्ण अडीच दिवस, पूर्ण फी.